प्रोफेसर फ्रित्स झेर्निके

जी वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं ती नाहींच, असें मानण्याकडे मनुष्याच्या मनाचा स्वाभाविक कल असतो. शाळेच्या प्रयोगशाळेंत ज्यांनीं कांद्याचा पातळ पापुद्रा कांचेच्या पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिला असेल, त्यांस आमच्या म्हणण्याचा अर्थ तत्काळ कळेल. प्रथम भिंगाखालीं कांहीं अंधुक रेघा दिसतात. त्यांच्या आंत काय आहे तें कळत नाहीं. मग शिक्षक आयोडिनचा एक थेंब टाकावयास सांगतात, आणि विटांच्या भिंतीप्रमाणें ओळीनें रचलेल्या पेशी व त्यांतील वाटोळीं केंद्रें डोळ्यांपुढें स्पष्ट उभीं राहतात. आपणांस आनंद होतो. परंतु त्या आनंदाच्या भरांत एक गोष्ट आपण विसरतों. रंगाच्या थेंबानें पेशी दिसूं लागली हें खरें, पण बहुधा त्याच थेंबानें ती मेलीही. जिवंत पेशी पाहूं गेलें तर ती दिसत नाहीं, आणि दिसेल अशी केली तर ती जिवंत राहत नाहीं, अशा पेंचांत जीवशास्त्रज्ञ अनेक पिढ्या सांपडले होते. तो पेंच ज्यांनीं सोडविला ते स्वतः जीवशास्त्रज्ञ नव्हते. ते होते हॉलंड देशांतील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक, प्रोफेसर फ्रित्स झेर्निके. त्यांचें चरित्र आम्ही या लेखांत थोडक्यांत सांगूं इच्छितों.

झेर्निके यांचा जन्म १८८८ सालीं जुलै महिन्याच्या १६ तारखेस ॲमस्टरडॅम शहरीं झाला. त्यांचे वडील एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि आई व वडील उभयतां गणिताचे शिक्षक होते. सहा भावंडांत फ्रित्स दुसरे. या कुटुंबांत विद्येचें वारें कसें खेळत होतें याची कल्पना यावरून यावी कीं, त्यांच्या भगिनींपैकीं एलिझाबेथ या पुढें कादंबरीलेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या, आणि ॲनी या १९११ सालीं धर्मोपदेशकाच्या पदावर आरूढ झालेल्या हॉलंडमधील पहिल्या स्त्री होत. फ्रित्स यांस मात्र लहानपणापासून वेड लागलें तें पदार्थांचें. खाऊसाठीं मिळालेले पैसे ते नळ्या, मुशी व रासायनिक द्रव्यें यांवर खर्च करीत. रंगीत छायाचित्रें काढण्याच्या प्रयोगांस ईथर लागे; तो विकत घेण्याइतके पैसे नसत, म्हणून त्यांनीं तो घरींच तयार केला. छायाचित्रें घेण्याचा कॅमेरा त्यांनीं स्वतः बनविला. एवढेंच नव्हे, तर जुन्या फोनोग्राफमधील चावीचें यंत्र काढून त्यांनीं एक लहानशी वेधशाळा उभारली, आणि तिच्या साहाय्यानें धूमकेतूचीं छायाचित्रें घेतलीं.

यावरून हा विद्यार्थी सर्व विषयांत पहिला येत असेल असा कोणी तर्क केल्यास तो मात्र चुकेल. शास्त्रविषयांत ते अग्रेसर होते खरे. पण इतिहास, ग्रीक व लॅटिन यांकडे त्यांनीं दुर्लक्ष केलें, आणि त्याचें प्रायश्चित्तही त्यांस भोगावें लागलें. त्या भाषांची सरकारी परीक्षा वेगळी उत्तीर्ण झाल्यावांचून विद्यापीठाचा पुरा प्रवेश त्यांस मिळेना. ती परीक्षा त्यांनीं दिली, आणि १९०५ सालीं ॲमस्टरडॅम विद्यापीठांत रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन, पदार्थविज्ञान व गणित यांच्या जोडीनें, अध्ययनास आरंभ केला.

१९०८ सालीं संभाव्यतेच्या गणितावरील निबंधाबद्दल ग्रोनिंगेन विद्यापीठानें त्यांस सुवर्णपदक दिलें. त्यानंतर चार वर्षांनीं हार्लेम येथील शास्त्रसभेनें त्यांच्या दुसऱ्या निबंधास बक्षीस दिलें. पदक पाहिजे कीं पैसे, असें सभेनें विचारलें असतां, पदक लाभण्याचा मान आपणांस पूर्वींच मिळाला असल्यामुळें आतां पैसे मिळाल्यास बरें, असें त्यांनीं कळविलें. या दुसऱ्या निबंधाचा विषय असा होता: कांहीं द्रव्यें एका विशिष्ट तपमानाजवळ आलीं म्हणजे स्वच्छ असलेलीं एकाएकीं दुधासारखीं दिसूं लागतात; याचें कारण काय? १९१४ सालीं ऑर्नस्टाइन या स्नेह्याच्या सहकार्यानें त्यांनीं यासंबंधीं जें समीकरण मांडलें, तें आजही द्रवांच्या शास्त्रांत त्या दोघांच्या नांवानें शिकविलें जातें. याच विषयावर १९१५ सालीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. तत्पूर्वीं १९१३ सालीं प्रख्यात ज्योतिषी काप्टाइन यांचे साहाय्यक म्हणून ते ग्रोनिंगेनला गेले होते. तेथेंच १९१५ सालीं ते व्याख्याते झाले, १९२० सालीं प्रोफेसर झाले, आणि सेवानिवृत्तीपर्यंत तेथेंच राहिले. अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजणारा एक नाजूक गॅल्व्हानोमीटरही त्यांनीं योजिला. तो पुढें डेल्फ्टच्या एका कारखान्यांत तयार होऊन अनेक प्रयोगशाळांत वापरला गेला. गणिताची लेखणी व कारागिराचें हत्यार हीं दोन्ही एकाच हातीं चालावीं, हें त्यांचें वैशिष्ट्य होतें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील मुख्य प्रसंगाकडे वळूं. १९३० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेंत एक मोठें अंतर्गोल ग्रेटिंग आलें. ग्रेटिंग म्हणजे धातूच्या आरशावर हिऱ्याच्या टोंकानें अगदीं जवळ जवळ हजारों समांतर रेघा ओढलेला पृष्ठभाग. त्यानें प्रकाशाचे रंग पृथक् होतात. परंतु रेघा ओढणाऱ्या यंत्राच्या मळसूत्रांत यत्किंचित् दोष असला तरी रेघांचें अंतर नियमानें थोडें थोडें चुकत जातें, आणि वर्णपटांतील खऱ्या रेषेच्या दोहों बाजूंस खोट्या, भुतासारख्या रेषा दिसतात. असल्या ग्रेटिंगचा पृष्ठभाग पट्टेदार दिसतो हें ठाऊक होतें. हें ग्रेटिंग डोळ्यांपासून ६ मीटर दूर असल्यामुळें झेर्निके यांनीं तें लहानशा दुर्बिणींतून पाहिलें. पट्टे स्पष्ट दिसले. परंतु दुर्बीण ग्रेटिंगच्या पृष्ठभागावर बरोबर फोकस करतांच ते नाहींसे झाले! फोकस किंचित् बिघडवावा कीं ते पुन्हा हजर.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. आपणांपैकीं कोणी असतें तर काय म्हणालें असतें? फोकस बरोबर केल्यावर जें दिसत नाहीं तें खोटें, एवढें म्हणून आपण पुढच्या कामास लागलों असतों. झेर्निके यांनीं तसें केलें नाहीं. पट्टे खोटे असतील तर ते उत्पन्न कोठून होतात, आणि खरे असतील तर नेमके फोकस बरोबर होतांच लपतात कां, हा प्रश्न त्यांनीं मनांत धरून ठेवला.

त्यांचें उत्तर समजण्यास एक घरगुती दृष्टांत घेऊं. झोपाळा मध्यावरून वेगानें जात असतां त्याच्या गतीच्या दिशेनें हलकासा धक्का दिला तर झोका वाढतो, आणि उलट दिशेनें दिला तर तो कमी होतो. पण झोपाळा टोंकास जाऊन क्षणमात्र थांबला असतां तोच धक्का दिला, तर झोक्याची लांबी फारशी बदलत नाहीं. त्याचा ठेका मात्र किंचित् पुढें मागें होतो. मध्य आणि टोंक यांत अंतर एका पूर्ण आंदोलनाच्या चतुर्थांशाचें असतें. प्रकाशलहरींचेंही असेंच आहे. जो पदार्थ प्रकाश शोषून घेतो त्याची काळी आकृति दिसते. परंतु जो पदार्थ कांचेसारखा पारदर्शक आहे, तो प्रकाश कमी करीत नाहीं. केवळ त्यास थोडा उशीर लावतो. अशा पदार्थांतून सरळ जाणारी मोठी लहर आणि त्याच्यामुळें इतस्ततः पसरणारी लहान लहर यांच्यामध्यें नेमकें पाव लहरीचें अंतर असतें. लहान लहरीचा धक्का जणूं झोपाळ्याच्या टोंकावर बसतो. प्रकाशाचा ठेका बदलतो, पण तेज बदलत नाहीं. आपल्या डोळ्यांस तेज कळतें, ठेका कळत नाहीं. म्हणून पदार्थ असूनही दिसत नाहीं. फोकस बिघडला म्हणजे दोन्ही लहरींस कमीअधिक लांबीचे मार्ग चालावे लागतात, त्यांचें परस्पर अंतर बदलतें, आणि लपलेली आकृति प्रकट होते.

फोकस बिघडविणें हा कांहीं उत्तम उपाय नव्हे. त्यानें आकृति दिसते, पण तिचा रेखीवपणा जातो. तेव्हां झेर्निके यांनीं असा विचार केला कीं, फोकस बरोबर ठेवून केवळ सरळ येणाऱ्या लहरीलाच पाव लहर पुढें किंवा मागें सारतां येईल काय? भिंगाच्या मागें ज्या जागीं सरळ येणारा प्रकाश एकवटतो, तेथें त्यांनीं अल्पसा खोलगट केलेला कांचेचा तुकडा ठेवला. पुढें सूक्ष्मदर्शकासाठीं त्यास वलयाचा आकार आला, आणि त्या वलयावर अल्पसा काळा थर देऊन सरळ प्रकाश मंद केला, म्हणजे दुबळ्या लहरीचा परिणाम अधिक उठून दिसे. रंग न घालतां, पेशीस न मारतां, तिचें अंतरंग काळ्यापांढऱ्या छटांत दिसूं लागलें. हीच फेज कॉन्ट्रास्ट पद्धति. लहरींच्या ठेक्यांतील भेदाचें तेजांतील भेदांत रूपांतर करणारी ती युक्ति होय. ती अगदीं निर्दोष नाहीं. आकृतीच्या कडेभोंवतीं एक उजळ प्रभा उमटते. पण डोळ्यांस जें मुळींच दिसत नव्हतें तें दिसलें, ही गोष्ट लहान नव्हे.

१९३२ सालीं झेर्निके ही पद्धति घेऊन जर्मनींतील येना शहरीं झाइसच्या जगद्विख्यात कारखान्यांत गेले. सूक्ष्मदर्शकाचें शास्त्र ज्या आबे यांनीं रचलें त्यांचीच ही कर्मभूमि. तेथें आपलें उत्साहानें स्वागत होईल अशी त्यांस साहजिक आशा होती. ती व्यर्थ ठरली. या युक्तींत व्यवहारोपयोगी कांहीं असतें तर आपण ती कधींच शोधून काढली असती, अशा आशयाचें उत्तर तेथील एका वयोवृद्ध तज्ज्ञानें त्यांस दिलें. झेर्निके परत आले. त्यांनीं वाद घातला नाहीं, कीं हातचें कामही सोडलें नाहीं. १९३४ सालीं त्यांनीं आपली उपपत्ति प्रसिद्ध केली. भिंगांतील दोष मोजण्यासाठीं जीं गणिती पदें आज झेर्निके यांच्या नांवानें सर्वत्र वापरलीं जातात, तीं याच निबंधांतलीं. १९३८ सालीं दूरच्या प्रकाशस्रोतापासून येणाऱ्या लहरींच्या परस्परसंबंधाविषयीं त्यांनीं मांडलेला सिद्धांतही ज्योतिषशास्त्रास अत्यंत उपयुक्त ठरला.

पुढें जें घडलें तें विचित्रच म्हणावें लागेल. १९४१ सालीं महायुद्धाच्या धामधुमींत जर्मन सैन्यानें युद्धास उपयोगीं पडतील अशा सर्व शोधांची मोजदाद केली, आणि तेव्हां कोठें फेज कॉन्ट्रास्टचे सूक्ष्मदर्शक तयार होऊं लागले. ज्यायोगें जिवंत पेशींचें रहस्य कळावयाचें, त्या यंत्रास माणसें मारण्याच्या खटाटोपांत जन्म मिळाला! तरी त्याचा उपयोग विद्येकडेच झाला. १९४३ सालीं झाइसमधील कुर्ट मिखेल यांनीं टोळाच्या बीजपेशींचें विभाजन या यंत्रांतून चलच्चित्रावर घेतलें. गुणसूत्रें एकत्र जमतात, ताणलीं जातात, विलग होतात, हा जीवनाचा गुप्त खेळ रंगविलेल्या मृत तुकड्यांवरून अनुमानानें जाणण्याऐवजीं साक्षात् पाहतां आला.

युद्ध संपल्यावर ही पद्धति जगभर पसरली, आणि मानसन्मान आपण होऊन चालत आले. १९४६ सालीं हॉलंडच्या राजकीय विज्ञानसभेनें त्यांस सभासद केलें. १९४८ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत ते पाहुणे प्रोफेसर म्हणून गेले. १९५२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचें रम्फर्ड पदक त्यांस मिळालें. आणि १९५३ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्यांस देण्यांत आलें. त्या वेळीं ते ६५ वर्षांचे होते. पारितोषिकाच्या प्रसंगीं केलेल्या भाषणांत त्यांनीं कारखान्यावर आग पाखडली नाहीं. दुसऱ्यांचें अनुकरण मनुष्य चटकन करतो, परंतु जुनी कल्पना नव्या क्षेत्रांत नेऊन लावण्यास त्यास फार वेळ लागतो, असा एकंदर मानवी बुद्धीच्या मंदपणाचाच विचार त्यांनीं त्यांत मांडला. १९५८ सालीं ते निवृत्त झाले व नार्डेन येथें राहूं लागले. १९६६ सालीं मार्च महिन्याच्या १० तारखेस आमर्सफोर्ट येथील रुग्णालयांत, वयाच्या ७७ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

चरित्र येथें संपलें. परंतु ६ मीटरांवरून पाहिलेल्या त्या पट्ट्यांची कथा येथें संपत नाहीं, आणि आमच्या मतें तिचा अत्यंत बोधप्रद भाग पुढेंच आहे. १९३१ सालीं बर्लिन येथें क्नोल व रुस्का यांनीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत आणि कांचेच्या भिंगाऐवजीं लोहचुंबकी भिंगें योजून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक निर्माण केला. इलेक्ट्रॉनालाही लहर असते, आणि १,००,००० व्होल्ट दाबानें धांवणाऱ्या इलेक्ट्रॉनाची लहर हिरव्या प्रकाशाच्या लहरीच्या एक लक्षांशाहूनही लहान असते. अर्थात् अत्यंत बारीक वस्तु या यंत्रानें दिसाव्या. पण येथेंही कांद्याच्या पापुद्र्याचीच अडचण आडवी आली! प्रथिनें, पेशींचीं पटलें, विषाणु हे सर्व कर्ब, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या हलक्या अणूंचे बनलेले असतात. त्यांचा पातळ तुकडा इलेक्ट्रॉनांस अडवीत नाहीं. केवळ त्यांच्या लहरीचा ठेका बदलतो. फोकस अगदीं बरोबर करावा तों चित्र जवळ जवळ कोरें! म्हणून जड धातूंचीं लवणें लावून नमुना रंगवीत, किंवा जाणूनबुजून फोकस किंचित् बिघडवीत. भिंगाचा अटळ दोष व फोकसची नेमकी बिघाड यांचा मेळ घातल्यास उत्तम छटा कशी मिळेल, याचें गणित शेर्झर यांनीं १९४९ सालीं मांडलें.

परंतु या उपायास किंमत द्यावी लागते. फोकस बिघडवून घेतलेल्या चित्रांत कांहीं आकाराचे तपशील ठळक दिसतात, कांहीं मुळींच दिसत नाहींत, आणि कांहीं उलट, म्हणजे काळ्याचे पांढरे होऊन दिसतात. फोकस बदलला कीं रेघांची जाडी बदलते, कडांभोंवतीं झालर उमटते, साध्या कर्बाच्या पडद्यावर दाणे दाणे दिसूं लागतात. उतावळ्या निरीक्षकानें तेच दाणे पेशींतील खरे कण समजून त्यांस नांवें दिलीं तर? येथें शास्त्रज्ञाच्या बुद्धीप्रमाणें त्याच्या सचोटीचीही कसोटी लागते. यंत्र खोटें बोलत नाहीं. पण त्यास कोणता प्रश्न विचारला हें विसरून उत्तर ऐकणारा स्वतःस फसवितो.

योगायोग असा कीं, ज्या १९६६ सालीं झेर्निके निवर्तले, त्याच सालीं जर्मन संशोधक थॉन यांनीं अशा चित्रांचें पृथक्करण करून, त्यांत एकांत एक वलयें उमटतात व तीं फोकसच्या बिघाडीप्रमाणें बदलतात, असें दाखविलें. या वलयांवरून कोणते तपशील उलटले व कोणते हरवले हें मोजतां येऊं लागलें. १९७१ सालीं केंब्रिज येथील एरिकसन व क्लुग यांनीं एकाच नमुन्याचीं निरनिराळ्या फोकसचीं चित्रें घेऊन, गणितानें प्रत्येकाचा दोष काढून, सर्वांचा मेळ घालण्याची रीत दाखविली. क्लुग यांस १९८२ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें पाणी इतक्या जलद गोठवितां येऊं लागलें कीं त्यांत स्फटिक होत नाहींत. त्यामुळें रंग न लावतां, नैसर्गिक रूपांतच रेणु पाहतां आले. या पद्धतीच्या विकासाबद्दल २०१७ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल दुबोशे, फ्रांक व हेंडरसन यांस देण्यांत आलें. २०२० सालीं ज्या विषाणूनें अवघें जग घरांत कोंडलें, त्याच्या पृष्ठभागावरील कांट्यांची रचना साथ सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांत याच मार्गानें उकलली गेली, आणि प्रतिबंधक लशींच्या कामीं ती उपयोगीं पडली. शिवाय, इलेक्ट्रॉनांच्या मार्गांत खरोखरच झेर्निके यांच्यासारखी पातळ पट्टी ठेवण्याची युक्ति २००१ सालीं दानेव व नागायामा यांनीं कर्बाच्या पडद्यानें साधली. ७० वर्षांपूर्वींची कल्पना अशा रीतीनें नव्या क्षेत्रांत जाऊन पोंचली.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, येनाच्या त्या वृद्ध तज्ज्ञास हंसण्याचा मोह आपणांस होणें स्वाभाविक आहे. आम्हांस मात्र तो अधिकार आहे असें वाटत नाहीं. आपल्या वहींत उत्तर जुळलें नाहीं म्हणजे आपण काय करतों? पुस्तकांतील आंकडा पाहून आपला आंकडा खोडतों, आणि प्रयोग बिघडला असें म्हणून मोकळे होतों. जी गोष्ट नीट फोकस केल्यावर नाहींशी होते, ती खोटी असेल. पण ती कां नाहींशी होते हा प्रश्न खोटा नसतो. झेर्निके यांनीं तो प्रश्न खोडला नाहीं. त्याचप्रमाणें, जें दिसलें तें सर्व खरें असेंही त्यांनीं मानलें नाहीं. दिसत नाहीं म्हणून नाहीं म्हणूं नये, आणि दिसलें एवढ्यानेंच आहे म्हणूं नये. या दोहोंच्या मध्यें जी अरुंद पाऊलवाट आहे, तिचेंच नांव शास्त्र. पुढच्या खेपेस कांद्याचा पापुद्रा भिंगाखालीं ठेवाल तेव्हां आयोडिनचा थेंब टाकण्यापूर्वीं स्क्रू अगदीं हळूहळू पुढें मागें फिरवून पाहा. ज्या अंधुक रेघा क्षणभर उजळतील व लगेच काळवंडतील, त्यांत ग्रोनिंगेनच्या त्या शांत प्रोफेसरांची आठवण आपणांस झाल्यावांचून राहणार नाहीं.